झेडओडीबी: ऑब्जेक्टचा डेटाबेस उत्तम, व्ह्यू मात्र आपणच बांधायचे

झेडओडीबी हा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला ऑब्जेक्ट डेटाबेस: माहिती टेबलांत न मोडता प्रोग्रॅममधल्या वस्तूंच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या, रूपातच साठवणारा. फुकट आहे, मुक्त परवान्याचा आहे, पिप या पायथनच्या साधनाने दोन मिनिटांत बसतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम, डिझाइनपासून कामगारांच्या हप्त्याच्या (आठवड्याच्या) पगारापर्यंत, मी याच्यावर चालवते. या डेटाबेसबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक वेबसाइट बांधणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. कारखान्यात एकाच डेटाकडे मालक, विणकाम बघणारे मास्तर, माग चालू ठेवणारा जॉबर, हिशेब लिहिणारे दिवाणजी आणि बाहेरगावचा व्यापारी असे पाच जण आपापल्या बाजूने बघतात. तिथे याचं काय होतं, हे मराठीत मला कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधी सांगते. पाया म्हणून झेडओडीबी फार चांगला आहे. पण व्ह्यू नावाची सोय, म्हणजे प्रत्येकाला डेटाचा त्याच्यापुरताच भाग दाखवणारी खिडकी, त्यात नाही, आणि जिथे एकापेक्षा जास्त प्रकारची माणसं डेटा बघणार आहेत तिथे व्ह्यूशिवाय तो वापरू नये. ते व्ह्यू आपल्यालाच बांधावे लागतात. म्हणून या रिव्ह्यूचा मोठा भाग ते कसे बांधायचे यावरच आहे.

टॉवेलचं डिझाइन रजिस्टरच्या एका ओळीत मावत नाही. टॉवेलला ताणे (उभी सुतं) दोन, एक ग्राउंडचा आणि एक पाइलचा, म्हणजे वर दिसणाऱ्या लूपचा, दोन्हींचे बीम (ताणा गुंडाळलेले रूळ) वेगळे. बाणा (आडवं सूत) तिसरा. तिन्ही सुतांचा काउंट (जाडी-बारीकपणा) वेगळा असू शकतो, शेड वेगळी असू शकते. शिवाय पाइलची उंची, बॉर्डरची डॉबी, आणि हॉटेलचं नाव विणायचं असेल तर जकार्डची फाइल. माझे वडील वारपिंग खात्यात, म्हणजे बीम भरण्याच्या कामावर, होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी, हे पूर्व भागात काही नवीन नाही. नाना नुसता बीम बघून सांगायचे की हा कोणत्या डिझाइनचा, कोणत्या मागावर चढणार आणि आधीच्या बीमची शेड याला जुळेल की नाही. बीम, माग आणि डिझाइन त्यांच्या डोक्यात एकमेकांना धरूनच असायचे.

झेडओडीबीत तसंच लिहिता येतं. पर्सिस्टंट नावाच्या क्लासपासून आपला डिझाइनचा क्लास काढायचा, त्यात बीमचे ऑब्जेक्ट ठेवायचे, ट्रान्झॅक्शन कमिट करायचं, म्हणजे बदल पक्का करायचा. डेटाबेसच्या रूटपासून ज्या ऑब्जेक्टपर्यंत वाट आहे तो टिकतो. टेबलं पाडायला नकोत, ती जोडणारे जॉइन नकोत, डिझाइन उघडलं की त्याच्याबरोबर पाइल बीमचा पॉइंटर (त्याच्याकडे नेणारा दुवा) हातात येतो आणि प्रत्यक्ष वापर होईल तेव्हाच तो बीम डिस्कवरून लोड होतो. मास्तरांशी बोलताना ते जे शब्द वापरतात तेच माझ्या क्लासची नावं आहेत. मास्तर एखादा नवा प्रकार सांगतात, तेव्हा तो कोणत्या टेबलात बसवू याचा विचार करावा लागत नाही. या एका गोष्टीसाठी मी झेडओडीबीला पैकीच्या पैकी गुण देईन.

अडचण सुरू होते ती माणसांपाशी. कारखान्यात आधी एक तयार पॅकेज होतं. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्याला आपली ऑर्डर बघायला लॉगिन दिलेलं होतं आणि त्या स्क्रीनवरून डाउनलोड होणाऱ्या शीटमध्ये सुताचा खरेदीभाव जात होता. मालकांना, म्हणजे अण्णांना, ते कळलं तेव्हा त्या व्यापाऱ्याशी भावाची बोलणी करायला त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. मला काम देताना अण्णांनी एकच गोष्ट बजावली: “माल कुठवर आलाय ते त्याला दिसू दे की. सूत कितीला पडलं ते कशाला दिसायला पाहिजे?”

टेबलांच्या डेटाबेसमध्ये याचं उत्तर म्हणजे व्ह्यू. मूळ टेबलातले हवे ते कॉलम आणि हव्या त्या ओळी घेऊन एक आभासी टेबल करायचं आणि माणसाला तेवढंच दाखवायचं. ऑब्जेक्ट डेटाबेसच्या जगात मात्र हा प्रश्न सुरुवातीपासून लोंबकळत राहिला. १९८९ साली सहा संशोधकांनी ऑब्जेक्ट डेटाबेस कशाला म्हणावं याचा जाहीरनामा लिहिला. त्यात तेरा गोष्टी सक्तीच्या ठरवल्या. व्ह्यू सक्तीचा की ऐच्छिक, यावर मात्र त्यांचं एकमत झालं नाही. पुढे ऑब्जेक्ट डेटाबेससाठी ओडीएमजी नावाचं प्रमाण (स्टँडर्ड) आलं. त्याच्या क्वेरी भाषेत क्वेरीला नाव देऊन ठेवता येतं, पण नाव दिलेली क्वेरी म्हणजे पूर्ण व्ह्यू नव्हे. खरं काम झालं ते १९९० ते १९९५ या काळातल्या संशोधनात. अबितबूल आणि बॉनर यांनी १९९१ साली आभासी अ‍ॅट्रिब्यूट, झाकलेले अ‍ॅट्रिब्यूट, आभासी क्लास आणि काल्पनिक ऑब्जेक्ट अशी मांडणी केली (अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे ऑब्जेक्टचा एखादा गुणधर्म). त्याच वर्षी शोल, लाश आणि ट्रेश यांनी ऑब्जेक्टच्या व्ह्यूमधून बदल कसे करू द्यायचे ते दाखवलं. १९९२ मध्ये एल्के रुंडेनस्टाइनर यांनी मल्टीव्ह्यू ही पद्धत मांडली. जुनं काम म्हणून हे बाजूला ठेवू नका. मला कारखान्यात जे प्रश्न पडले ते सगळे त्यात आधीच विचारलेले आहेत.

पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न पॉइंटरचा. टेबलाच्या व्ह्यूमधून बाहेर येतात त्या नुसत्या किमती: आकडे, नावं, तारखा. ऑब्जेक्टच्या व्ह्यूमधून बाहेर येतो तो ऑब्जेक्ट, आणि त्याच्या हातात दुसऱ्या ऑब्जेक्टचा हात असतो. आमच्याकडे ऑर्डरला डिझाइनचा पॉइंटर आहे, डिझाइनला पाइल बीमचा, बीमला सुताच्या लॉटचा, आणि लॉटमध्ये खरेदीचा भाव व गिरणीचं नाव. व्यापाऱ्यासाठी ऑर्डरचा व्ह्यू केला, त्यात खर्च आणि नफा झाकला, तरी ऑर्डर, डिझाइन, पाइल, लॉट, भाव अशी चार टिंबं टाकली की तोच भाव परत हजर. व्यापारी स्वतः कोड लिहीत नाही हे खरं. पण त्याच्या स्क्रीनचं टेम्पलेट, त्याला मेलने जाणारी शीट, ऑर्डर जेसन या मजकुरी स्वरूपात बाहेर काढणारं फंक्शन, यातलं प्रत्येक जण पॉइंटर धरून खाली उतरत जातं. थांब म्हणणारं कुणी नसेल तर ते तळापर्यंत जातं.

रुंडेनस्टाइनर यांच्या मांडणीत याला उत्तर आहे: व्ह्यू हा एका क्लासचा नसतो, तो क्लासच्या संचाचा असतो, आणि तो संच बंदिस्त असला पाहिजे. व्ह्यूमधल्या क्लासचा एखादा अ‍ॅट्रिब्यूट ज्या क्लासकडे बोट दाखवतो, तो क्लाससुद्धा त्याच व्ह्यूमध्ये असला पाहिजे. नसेल तर तो अ‍ॅट्रिब्यूट दिसताच कामा नये.

मी ते असं बसवलं. प्रत्येक भूमिकेसाठी एक व्ह्यू-स्कीमा आहे. त्यात कोणत्या मूळ क्लाससाठी कोणता इंटरफेस, म्हणजे कोणते अ‍ॅट्रिब्यूट आणि कोणत्या मेथड दिसणार, याची नोंद. झेडओडीबीच्याच घराण्यातली इंटरफेस लायब्ररी याला अगदी योग्य आहे. व्ह्यू म्हणजे मूळ ऑब्जेक्टभोवतीचं एक पातळ वेष्टन; त्यातून काहीही मागितलं की आधी नाव इंटरफेसमध्ये आहे का ते बघितलं जातं. जे उत्तर येईल ते पर्सिस्टंट ऑब्जेक्ट असेल, तर त्याच स्कीमातलं त्याचं वेष्टन चढवूनच बाहेर सोडायचं. उत्तर यादी असेल तर यादीतल्या प्रत्येकावर तेच. आणि स्कीमात त्या क्लासची नोंदच नसेल तर एरर. कच्चा ऑब्जेक्ट कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाणार नाही. रिकामी किंमत परत देऊन गप्प बसण्याचा मोह होतो, पण तसं करू नये. एरर आली तर ती टेस्टमध्ये दिसते. व्यापाऱ्याच्या स्कीमात लॉटची नोंद नाही, म्हणून बीमच्या इंटरफेसमध्ये लॉट हा शब्दच नाही. आणि प्रोग्रॅम सुरू होताना सगळ्या स्कीमा बंदिस्त आहेत की नाहीत हे एक फंक्शन तपासतं. एकही वाट उघडी असली तर सर्व्हर सुरू होत नाही. अण्णांना मी हा भाग कागदावर बाण काढून दाखवला. एवढं मन लावून त्यांनी माझं दुसरं काहीच ऐकलं नव्हतं.

दुसरा प्रश्न ओळखीचा. मास्तरांच्या स्क्रीनवर दिसणारं डिझाइन आणि अण्णांच्या स्क्रीनवर दिसणारं डिझाइन हे एकच आहे की दोन? व्ह्यू करताना माहितीची प्रत काढली तर ती दोन होतात. मास्तरांनी पाइलची उंची बदलली तरी अण्णांना जुनीच दिसते. अशा प्रतीला रिपोर्ट म्हणावं. तो उपयोगी आहे, पण त्यात काही बदलता येत नाही. शोल आणि सहकाऱ्यांचा मुद्दा हाच होता: व्ह्यूमधून येणारा ऑब्जेक्ट मूळचाच असेल, त्याची ओळख जपलेली असेल, तर बदलाचे बरेचसे प्रश्न उभेच राहत नाहीत, कारण बदल थेट मूळ ऑब्जेक्टवरच होतो.

इथे झेडओडीबी मनापासून आवडतो. यातल्या प्रत्येक पर्सिस्टंट ऑब्जेक्टला आठ बाइटचा ओआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, असतो, तो त्याच्या आयुष्यभर बदलत नाही, आणि एका कनेक्शनमध्ये एका ओआयडीचा एकच पायथन ऑब्जेक्ट असतो. माझं वेष्टन समानता आणि हॅश, दोन्हीसाठी हाच ओआयडी वापरतं. म्हणून जॉबरच्या व्ह्यूमधला माग आणि दिवाणजींच्या व्ह्यूमधला माग एकच आहेत का हे एका तुलनेत कळतं. कनेक्शनला जोडून एक वीक डिक्शनरी ठेवली आहे, त्यात ओआयडी आणि स्कीमा या जोडीवरून वेष्टन सापडतं. त्यामुळे एकाच ऑब्जेक्टची दहा वेष्टनं तयार होत नाहीत. एक बारकावा: नवीन केलेल्या ऑब्जेक्टला कमिट होईपर्यंत ओआयडी नसतो. त्याला वेष्टन चढवण्याआधी कनेक्शनच्या अ‍ॅड मेथडने दाखल करून घ्यायचं, म्हणजे ओआयडी लगेच मिळतो. आणि वेष्टन स्वतः कधीही डेटाबेसमध्ये साठवलं जाऊ नये. त्याच्या रिड्यूस मेथडमध्येच एरर ठेवली की चुकूनसुद्धा ते पिकल होत नाही, म्हणजे साठवण्यासाठी बाइटमध्ये बदललं जात नाही.

आता वजन. हा माझा आवडता भाग आहे, कारण व्ह्यूमधून बदल करू देणं म्हणजे काय हे टॉवेलइतकं स्पष्ट मला दुसरं कशातच दिसलं नाही. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल घ्या, ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा. क्षेत्रफळ साधारण १.१६ चौरस मीटर, म्हणजे वजन सुमारे ५२३ ग्रॅम. डेटाबेसमध्ये वजन साठवलेलं नाही. माप आणि ठरलेला जीएसएम साठवलेला आहे, वजन हा व्ह्यूमधला आभासी अ‍ॅट्रिब्यूट. वाचायला काहीच अडचण नाही. मग व्यापाऱ्याचा फोन येतो: नग ५०० ग्रॅमवर आणा, भाव बसत नाही. वजनाच्या चौकोनात कुणीतरी ५०० टाइप करतं. आता काय बदलायचं? जीएसएम ४३० वर आणला तरी वजन ५०० होतं. जीएसएम तसाच ठेवून लांबी साडेसत्तावन्न इंचांच्या आसपास आणली तरी ५०० होतं. गणिताला दोन्ही सारखेच बरोबर. गिऱ्हाइकाला मात्र अडीच इंच आखूड टॉवेल आणि थोडा पातळ टॉवेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

यातून मार्ग काढणारा कोणताही सार्वत्रिक नियम नाही, आणि डेटाबेसने तो स्वतः ठरवावा अशी माझी अपेक्षाही नाही. व्ह्यू रचणाऱ्याने तो प्रत्येक भूमिकेसाठी लिहून ठेवायचा. अण्णांच्या व्ह्यूमध्ये वजन बदललं तर जीएसएम बदलतो, माप नाही, कारण माप गिऱ्हाइकाशी आधीच ठरलेलं असतं. मास्तरांच्या व्ह्यूमध्ये वजन फक्त वाचता येतं. ते पाइलची उंची आणि पिक (बाण्याच्या धाग्यांची दाटी) बदलतात आणि त्यातून येणारं टॉवेलचं वजन ठरलेल्या जीएसएमपाशी पोचलं का ते बघतात. व्यापाऱ्याच्या व्ह्यूमध्ये ५०० टाइप केलं तर ऑर्डरला हातही लागत नाही, एक मागणीचा ऑब्जेक्ट तयार होतो आणि तो अण्णांपुढे जातो. एकच अ‍ॅट्रिब्यूट, तीन अर्थ. मास्तर हे बघून म्हणाले, “आमचं बोलणं पण असंच चालतंय की.” मला तेवढी पावती पुरली.

याच्याच शेजारचा एक छोटा मुद्दा. ‘बंद माग’ हा जॉबरचा व्ह्यू. त्याने माग चालू झाल्याची नोंद केली की तो माग यादीतून जातो, आणि तसंच व्हायला हवं. पण व्यापाऱ्याच्या ‘माझ्या ऑर्डर’मधून कोणत्याही बदलाने ऑर्डर गायब होता कामा नये. टेबलांच्या डेटाबेसच्या भाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये, यासाठी चेक ऑप्शन असतो. मी प्रत्येक निवडीच्या व्ह्यूला तसा एक ध्वज दिला आहे.

काही गोष्टी मूळ डेटात नसतातच. पगारचिठ्ठी बघा. कामगाराने हप्त्यात किती नग विणले ते मागाच्या नोंदीतून येतं, मजुरीचा दर डिझाइनवरून, उचल दिवाणजींच्या वहीतून. चिठ्ठी ही या सगळ्यांतून तयार होणारी नवी वस्तू आहे, हीच अबितबूल-बॉनर यांची काल्पनिक ऑब्जेक्टची कल्पना. तिची ओळख काय? दर वेळी नवी चिठ्ठी तयार केली तर दिवाणजींनी सकाळी तिच्यावर लिहिलेला शेरा दुपारी कशाला चिकटणार? त्यांचं उत्तर असं की काही अ‍ॅट्रिब्यूट गाभ्याचे मानायचे आणि ते तेच असले की ऑब्जेक्ट तोच. आमच्या चिठ्ठीचा गाभा म्हणजे कामगाराचा ओआयडी आणि हप्त्याची पहिली तारीख. एवढ्यावरून एक किल्ली बनते, शेरे त्या किल्लीखाली एका बीट्रीमध्ये (किल्लीवरून शोधता येणाऱ्या कोशात) साठतात, बाकी सगळं दर वेळी नव्याने मोजलं जातं. नगांची दुरुस्ती झाली तर रक्कम बदलते, शेरा जागेवर राहतो. रकमेच्या बाबतीत शंका घेऊन येणाऱ्या कामगाराला दिवाणजी आता त्याच्यासमोर चिठ्ठी उघडून नग दाखवू शकतात, आणि माझ्या लेखी या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे.

मेथडबद्दल थोडक्यात. व्ह्यूमधून मेथड बोलावली तर तिच्या आत सेल्फ, म्हणजे ती ज्याच्यावर चालते तो, कोण, वेष्टन की मूळ ऑब्जेक्ट? वेष्टन धरलं तर व्यापाऱ्याच्या व्ह्यूमधून एकूण रक्कम मोजणारी मेथड अडकते, कारण तिला लागणारा दर त्याच्यासाठी झाकलेला आहे. म्हणून आत मूळ ऑब्जेक्ट, आणि उत्तर बाहेर पडताना पुन्हा वेष्टन. याचा अर्थ मेथड इंटरफेसमध्ये घालणं ही जबाबदारीची गोष्ट आहे. ती आत सगळं बघू शकते, आणि तिने परत दिलेल्या साध्या आकड्यावर कोणतंच वेष्टन चढत नाही.

आता झेडओडीबीच्या उणिवा, कारण घेणाऱ्याला त्या माहीत पाहिजेत. यात क्वेरीची भाषा नाही. एखाद्या क्लासचे सगळे ऑब्जेक्ट दे असं विचारायची सोयच नाही. ज्याला संशोधक एक्स्टेंट म्हणतात तो आपण बीट्रीमध्ये सांभाळायचा. निवडीवर आधारलेला व्ह्यू, उदाहरणार्थ ‘उशीर झालेल्या ऑर्डर’, म्हणजे त्या बीट्रीवरून फिरणारी एक गाळणी, आणि गाळणीतून जाणारा प्रत्येक ऑब्जेक्ट डिस्कवरून लोड होतो. थोड्या ऑर्डरींना हे चालतं. पुढे तारखेवर वेगळी बीट्री ठेवून इंडेक्स करावा लागतो आणि तो ताजा ठेवणं आपल्याकडेच. मागावर विणलेल्या नगांची चालू बेरीज आम्ही साठवून ठेवतो. तिच्यासाठी बीट्रीच्या पॅकेजमधला लेंग्थ हा क्लास फार कामाचा आहे, दोन जणांनी एकाच वेळी भर घातली तरी तो संघर्ष स्वतः मिटवतो. एरवी एकाच ऑब्जेक्टवर दोघांनी लिहिलं तर दुसऱ्याला कॉन्फ्लिक्ट एरर येते आणि ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवावं लागतं.

साध्या पायथन यादीत झालेला बदल याला आपोआप कळत नाही. त्याच्याकडची पर्सिस्टंट यादी वापरायची, नाहीतर बदल झाल्याचं स्वतः सांगायचं. शिवाय साठवलेल्या ऑब्जेक्टमध्ये क्लासचं नाव आणि मॉड्यूलची वाट जाते. क्लास दुसरीकडे हलवला आणि जुन्या वाटेवर काही ठेवलं नाही, तर जुने ऑब्जेक्ट मोडके म्हणून उघडतात. म्हणूनही मी व्ह्यूच्या व्याख्या कोडमध्येच ठेवते. मूळ क्लास क्वचित हलतात. व्ह्यू मात्र अण्णांच्या एका फोनवर बदलतात.

सगळ्यांनी झेडओडीबी घ्यावा असं मी म्हणणार नाही. चाटी गल्लीतल्या कापडाच्या दुकानाला बिलं, साठा आणि जीएसटी एवढंच हवं असेल तर पोस्टग्रेस हा टेबलांचा डेटाबेस घ्या. तिथे व्ह्यू तयार मिळतो, आणि २०१३ साली आलेल्या ९.३ आवृत्तीपासून एका टेबलावरच्या साध्या व्ह्यूमध्ये थेट बदलही करता येतो. जॉइन असलेल्या व्ह्यूला ट्रिगर लिहावे लागतात, पण दुकानाच्या कामात ती वेळ कमी येते. ज्यांच्या वस्तू एकमेकींत खोल गुंतलेल्या आहेत आणि ज्यांच्याकडे पायथन नीट जाणणारं, टेस्ट लिहिणारं माणूस आहे, त्यांनीच झेडओडीबीकडे यावं. वेष्टनाचा थर साधारण चारशे ओळींचा होतो. त्याच्या टेस्ट त्याहून मोठ्या असाव्या लागतात.

वीज जाण्याबद्दल लोक मला पहिल्यांदा विचारतात, म्हणून सांगते. झेडओडीबीची फाइल शेवटाला जोडत वाढते, आधीचं खोडत नाही. मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेलं शेवटचं ट्रान्झॅक्शन पुढच्या वेळी उघडताना कापलं जातं आणि त्याआधीचं सगळं शाबूत असतं. बॅकअपला रिपोझो नावाचं साधन बरोबरच येतं, ते रोज फक्त वाढलेला भाग उचलू शकतं. फाइल फुगत जाते हे मात्र खरं, अधूनमधून पॅक करावंच, म्हणजे जुन्या नोंदी काढून फाइल लहान करावीच लागते.

न खोडण्याच्या या सवयीतून एक गोष्ट मिळते जी मी दुसरीकडे इतकी सहज पाहिली नाही. मागची एखादी वेळ सांगून कनेक्शन उघडता येतं. ते वाचण्यापुरतं असतं आणि त्यात सगळा डेटाबेस त्या क्षणी जसा होता तसा दिसतो. ऑर्डरच्या शेडवरून व्यापाऱ्याशी वाद झाला की ऑर्डर पक्की झाली त्या दिवसाचं कनेक्शन उघडायचं आणि त्यावर व्यापाऱ्याचंच वेष्टन चढवायचं. तेव्हाची ऑर्डर दिसते, आणि सुताचा भाव तेव्हाचाही झाकलेलाच राहतो. यासाठी लागणारा इतिहास पॅक करताना उडू नये, म्हणून किती दिवसांचं राखायचं ते पॅकला सांगावं लागतं. आम्ही माल पोचून पैसे जमा होईपर्यंतचा काळ धरतो.

यात एक काम राहिलं आहे. जुन्या डेटावर आजच्या व्ह्यूचं वेष्टन चढतं. व्यापाऱ्याला त्या वेळी जे अ‍ॅट्रिब्यूट दिसत होते तेच दाखवायचे असतील, तर त्या वेळची व्ह्यूची व्याख्यासुद्धा हवी. म्हणून आता ऑर्डर पक्की होताना तिच्यात स्कीमाचा क्रमांक नोंदवते आणि जुन्या स्कीमा कोडमध्ये गोठवून ठेवते. गोठवलेल्या स्कीमा आजच्या मूळ क्लासवर बंदिस्त राहतात का, हे तपासणारी टेस्ट सध्या लिहिते आहे.